हेदर जगवायचं कसं: जात ओळखण्यापासून कात्री चालवण्यापर्यंत

इकडे ब्रिटनमध्ये सप्टेंबर आला की सुपरमार्केटच्या दाराशी हेदर नावाच्या फुलझुडपाच्या छोट्या कुंड्या मांडून ठेवतात, गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या आणि मधेच एखादी चक्क निळी. आपल्याकडून नवीन आलेला माणूस तिथे हमखास थांबतो, कारण किंमत एका कॉफीएवढी आणि रंग असा की उचलून थेट गणपतीच्या आराशीत ठेवावी. मी पण थांबले होते. तीन कुंड्या घेतल्या, बाल्कनीत ठेवल्या आणि तुळशीला घालतो तसं रोज सकाळी तांब्याभर पाणी, आठवड्याला चहाचा चोथा, महिन्याला खत, असं सगळं साग्रसंगीत सुरू केलं. दिवाळीपर्यंत दोन गेल्या. तिसरी कधी गेली ते मला मार्चपर्यंत कळलंच नाही, कारण या झाडाची फुलं वाळली तरी बराच काळ रंग धरून राहतात, लांबून सगळं छान दिसत असतं, मग एक दिवस सहज हात लावला तर पानं चुरचुर करत बाल्कनीभर सांडली.

पुढे आम्ही ग्लासगोजवळ राहायला आलो आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्याच केर्नगॉर्मच्या डोंगरांत गेलो, तर नजर जाईल तिथपर्यंत जांभळं, कासच्या पठाराची आठवण यावी असं, फक्त कासला पन्नास तऱ्हांची फुलं आणि इथे मुख्यतः हे एकच. खाली वाकून माती बघितली, काळी, ओलसर, पीटची म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या झाडपाल्याची, शेतकरी बघून मान हलवेल अशी, वर वारा असा की टोपी धरून चालायचं. तेव्हा डोक्यात उजेड पडला, हे झाड मुळात अर्धपोटी वाढलेलं आहे, त्याला रोज श्रीखंडपुरी कशी पचणार! त्यानंतर इतकी वर्षं हेदर लावतेय, काही मारली पण बरीच जगवली, तर जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी हातात काय आहे ते ओळखा

दुकानात सगळ्यालाच हेदर म्हणतात पण त्यात मुख्य दोन घराणी आहेत, कलूना आणि एरिका, आणि कोणतं आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. डोंगरावर जे पसरलेलं असतं ते कलूना, पूर्ण नाव कलूना व्हल्गॅरिस. याची पानं इतकी बारीक की पानं वाटतच नाहीत, आपल्याकडच्या मोरपंखीसारखे छोटे खवले एकमेकांवर चढलेले, जवळून बघितलं तर काडीवर चार पदरी वेणी घातल्यासारखं दिसतं. एरिकाची पानं बारीक सुयांसारखी आणि काडीभोवती तीन-चारच्या गोलात, रोझमेरीचं पिल्लू म्हणा हवं तर, आणि फुलं छोट्या घंटेसारखी. दोघांचंही कूळ एकच, ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरीचं, म्हणजे आपल्या हिमालयातला बुरांश यांचा लांबचा भाऊ लागतो.

कलूना हे नाव ग्रीकमधल्या झाडणे, साफ करणे या अर्थाच्या शब्दावरून आलंय, कारण याच्या काड्यांचे झाडू करायचे. थोडक्यात ही इथली केरसुणी. हे कळल्यापासून लक्ष्मीपूजनाला मी शिराईची केरसुणी मिळाली नाही तर कलूनाची जुडी बांधून ठेवते, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि चालेल म्हणाल्या.

कलूना साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलतं आणि त्याला आम्लधर्मी माती लागतेच, त्यात तडजोड नाही. थंडीत फुलणारी एरिका म्हणजे एरिका कार्निया, मूळची आल्प्सकडची, डिसेंबर ते एप्रिल फुलते, उंची जेमतेम वीतभर, आणि थोडा चुना असलेली माती पण चालवून घेते. तिसरी एरिका डार्लेन्सिस, ही कार्निया आणि दुसऱ्या एका एरिकाच्या संकरातून डर्बीशरमधल्या डार्ली डेल इथल्या नर्सरीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सापडली, जरा उंच, गुडघ्याच्या खालपर्यंत जाते आणि स्वभावाने सगळ्यात सोशिक. पहिल्यांदाच लावत असाल तर डोळे मिटून हीच घ्या. बेल हेदर म्हणून एरिका सिनेरिया मिळते, ती उन्हाळ्यात फुलते आणि तिलाही आम्ल माती हवी.

आता त्या दाराशी मांडलेल्या कुंड्यांबद्दल. निळी, फिरोजी, झगझगीत पिवळी दिसली तर ती रंग फवारलेली असते, झाडाचा त्यात काही दोष नाही पण नवीन फूट येईल ती साधीच येणार. आणि उभट, गुलाबी-लाल इवल्या घंटांनी गच्च भरलेली जी असते ती बऱ्याचदा एरिका ग्रॅसिलिस, दक्षिण आफ्रिकेची, तिला हिमकडाका सोसत नाही. ती आपल्या झेंडूसारखी समजून घ्यायची, सणापुरती. लेबलवर जातीचं पूर्ण नाव नसेल तर बागेत लावायला म्हणून घेऊच नका.

माती

आमचं पहिलं घर लंडनच्या दक्षिणेला, जमीन खडूची, कुदळ मारली की पांढरे खडे वर. तिथे मी हट्टाने कलूना लावलं, खड्डा करून त्यात गोणीतली आम्ल माती भरली, एक वर्ष छान गेलं, दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी पडली आणि तिसऱ्या वर्षी झाड नुसतं उभं होतं. खड्ड्यात माती बदलली तरी आजूबाजूचा चुना पाण्याबरोबर आत येतोच. चुन्याच्या जमिनीत कलूनाची मुळं लोह घेऊ शकत नाहीत, मग पानं पिवळी.

तपासायला फार काही लागत नाही. गार्डन सेंटरमध्ये पीएचचं म्हणजे माती किती आम्ल आहे ते मोजायचं किट मिळतं, कलूनाला साधारण ४.५ ते ५.५ लागतो. किट नको असेल तर शेजाऱ्यांच्या कुंपणावरून डोकवा, ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलिया मजेत असतील, हायड्रेंजिया निळा फुलत असेल तर माती आम्ल आहे, हायड्रेंजिया कायम गुलाबीच असेल तर जरा सावध. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं तर विषयच संपला, कार्निया किंवा डार्लेन्सिस लावा नाहीतर कुंडीत लावा.

दुसरी गोष्ट निचरा. डोंगरावर ओल असते हे खरं पण पाणी साचून राहिलेलं डबकं हेदरला नको असतं. चिकणमाती असेल तर बारीक खडी आणि पाइनच्या सालीचा चुरा भरपूर मिसळा आणि वाफा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करा. शेणखत नको, घोड्याची लीद नको, लाकडाची राख तर अजिबात नको आणि मश्रूम कंपोस्ट पण नको कारण त्यात खडू असतो. शेणखत न घालता झाड लावायचं म्हणजे आपल्याला कसंतरीच होतं, मला कळतं, पण हेदरच्या मुळांत एक बुरशी राहते जी हलक्या मातीतून त्याला लागेल तेवढं अन्न काढून देते, त्या जोडीने डोंगरावर हजारो वर्षं काढलीत, आपण मधे न पडलेलं बरं.

लावताना

सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगला, माती कोमट असते आणि पाऊस आहेच. तो हुकला तर मार्च-एप्रिल. जागा उघडी, दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशी. सावलीत झाड मरत नाही पण लांबुळकं होतं, फुलं कमी येतात, आणि ज्यांची पानंच रंगीत असतात त्यांचा रंग उतरतो. फायरफ्लाय नावाचं एक कलूना आहे, उन्हाळ्यात केशरी आणि थंडीत पक्क्या विटेच्या रंगाचं, माझं सगळ्यात लाडकं, त्याला मी कौतुकाने घराच्या उत्तरेच्या भिंतीशी लावलं होतं, तिथे ते वर्षभर शेवाळी हिरवं राहिलं. उचलून उन्हात नेलं, पुढच्या जानेवारीत लालबुंद.

लावण्याआधी कुंडीसकट झाड बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. हे आळस करून टाळू नका, कारण कुंडीतला मुळांचा गोळा एकदा आतून कोरडा पडला की वरून कितीही पाणी घाला ते बाजूने निघून जातं, झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने मरतं. माझ्या मते नवीन हेदर मरण्याचं हे एक नंबरचं कारण आहे, आणि वर पाणी जास्त झालं की काय अशी आपलीच शंका. मग गोळा बाहेर काढून बोटांनी मुळं सगळीकडून जरा मोकळी करा, केसांतला गुंता सोडवतो तशी, तळाला चटई झाली असेल तर ती बिनधास्त फाडा.

खोली महत्त्वाची. बहुतेक झाडं कुंडीत होती तेवढीच खोल लावायची असतात, हेदर त्याहून किंचित खोल लावा, म्हणजे खालच्या फांद्यांची पानं मातीवर टेकली पाहिजेत. उघडा बुंधा वाऱ्याने हलतो आणि पुढे तिथूनच झाड विस्कटतं. दोन झाडांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा, कार्निया पसरते तिला थोडं जास्त. एक इथे एक तिथे लावलं की वाफा ठिगळं लावल्यासारखा दिसतो, एकाच जातीची तीन नाहीतर पाच एकत्र लावा, दोन-तीन वर्षांत ती एकमेकांत मिसळून सतरंजी होते आणि खाली तण उगवायला जागा राहत नाही. तोपर्यंत मधल्या मोकळ्या जागेवर पाइनच्या सालीचा दोन बोटं थर द्या.

कुंडीत लावायचं असेल तर

फ्लॅटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. ३० सेंटीमीटरची कुंडी घ्या, तळाला भोकं मोकळी हवीत, आणि गोणीवर एरिकेशस लिहिलेली, म्हणजे आम्लधर्मी, माती घ्या, तो शब्द या एरिकावरूनच आलाय. पीट नसलेली मिळते तीच घ्या, पीटच्या दलदली तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि त्या उकरून आपण बाल्कनीत भरायच्या म्हणजे जरा अतीच. त्यात चौथा हिस्सा बारीक खडी मिसळा, खडी चुनखडीची नाही ना तेवढं विचारून घ्या. कुंडी थेट फरशीवर ठेवू नका, खाली विटांचे तुकडे द्या, थंडीत भोकं गोठली की पाणी आत अडकतं. वसंतात एकदा एरिकेशसचं खत, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं, बास. जमिनीतल्या झाडाला तेवढंही लागत नाही.

पाण्याचं म्हणाल तर पहिलं वर्ष लक्ष ठेवायचं, बोट घालून बघायचं, वरचा इंचभर सुकला की द्यायचं. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाकडे फक्त कोरडे आठवडे लागले तर बघा. आमच्या ग्लासगोला नळाला लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी येतं, १८५९ पासून तिथूनच येतंय, इतकं मऊ की किटली वर्षानुवर्षं चकाचक, त्यामुळे इथे नळाचंच घालते. पण लंडनसारख्या ठिकाणी किटलीत पांढरा थर जमतो ना, तोच चुना तुम्ही रोज कुंडीत ओतत असता, म्हणून पन्हळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी साठवा. अगदीच नसेल तर एखाद्या वेळी नळाचं घाला, कोरडं ठेवण्यापेक्षा ते बरं.

कात्री, आणि इथेच सगळे चुकतात

हेदरची छाटणी दरवर्षी करायची, एक वर्ष चुकवलं की झाड ते विसरत नाही. डोंगरावर हे काम मेंढ्या, हरणं आणि ग्राऊस पक्षी करतात, कोवळे शेंडे सतत खुडले जातात म्हणून झुडूप बुटकं आणि गच्च राहतं. काही ठिकाणी मुद्दाम पट्ट्यापट्ट्याने हेदर जाळतात, मग बुडातून नवीन फूट येते, आणि फार जुनं झालेलं हेदर जाळलं तर ते तितकंसं फुटत नाही हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत असतं. बागेत ना मेंढी ना आग, तेव्हा कात्री आपल्यालाच चालवायला लागते. नाही चालवली तर चार-पाच वर्षांत मधोमध टक्कल पडतं, काड्या उघड्या, आणि फुलं फक्त कडेला, झालरीसारखी.

नियम एकच आहे, हिरवं असेल तिथेच कापा. काडी वरून खाली बघत जा, सगळ्यात वर वाळलेली फुलं, त्याखाली हिरव्या पानांचा भाग आणि त्याखाली नुसतं तपकिरी लाकूड. फुलांचा भाग संपतो त्याच्या किंचित खाली, पानं शिल्लक राहतील असं कापायचं. त्या तपकिरी लाकडात कात्री घातली की तिथून परत फुटत नाही, निदान कलूनात तरी भरवसा धरू नका. गुलाबाची छाटणी बघितलेल्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं, एका मार्चमध्ये टक्कल पडलेलं कलूना मी हौसेने जमिनीपासून चार बोटांवर कापलं, म्हटलं आता बघा कसं फुटतंय ते. पुढची दोन वर्षं तिथे काड्यांचा खराटा उभा होता.

वेळ जातीप्रमाणे. कलूना आणि उन्हाळी एरिका मार्च-एप्रिलमध्ये कापा. फुलं ऑक्टोबरमध्ये वाळली तरी तशीच राहू द्या, तांबूस दिसतात, त्यावर सकाळी दहिवर गोठलं की काय सुंदर दिसतं, आणि खालच्या कोवळ्या भागाला थंडीत थोडं पांघरूणही होतं. थंडीत फुलणारी कार्निया आणि डार्लेन्सिस फुलं संपल्या संपल्या, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत उरकायची, कारण पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या त्या उन्हाळ्यातच धरायला लागतात. ऑक्टोबरमध्ये बाग आवरताना यांनाही हजामत करून टाकलीत तर फुलं गेलीच म्हणून समजा, आणि मग जानेवारीत लवकर जाग्या होणाऱ्या भुंग्यांना पण काही मिळत नाही. कात्री म्हणजे कुंपण कापायची मोठी कातर चालते, धार मात्र हवी. वरून सपाट टेबल करू नका, झाडाच्या मूळ आकाराप्रमाणे थोडं उतरतं घ्या.

काही बिघडलं तर

एकच फांदी राखाडी पडून वाळली तर कापून टाका, फार मनावर घेऊ नका. झाड एका बाजूने मलूल होत होत पूर्ण गेलं, आणि माती ओलीच आहे, तर बहुतेक मूळकूज. त्यावर औषध शोधण्यात पैसे घालवू नका, झाड मुळासकट काढून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या जागी परत हेदर लावू नका. कुंडीतलं झाड धरून ओढल्यावर अलगद हातात आलं तर मातीत पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या शोधा, त्या व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंगेऱ्याच्या, मुळं खातात. त्यांच्यासाठी सूक्ष्म कृमी पाण्यात मिसळून घालायचं पाकीट मिळतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाला. आणि दहा-पंधरा वर्षांनी झाड म्हातारं होतंच, तो आजार नाही.

भारतातून पण बरेच जण विचारतात, तर पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात कलूनाचा नाद करू नका. तुमच्याकडे नर्सरीत कुफिया मिळतं, बागेच्या कडेला लावतात ते, बारीक पानं आणि इवली जांभळी फुलं, इंग्रजीत त्यालाच मेक्सिकन हेदर म्हणतात. ते हेदर नव्हेच, मेंदीच्या कुळातलं आहे, पण दिसतं तसंच, आम्ल मातीची कटकट नाही, ऊन आणि नियमित पाणी दिलं की जवळजवळ वर्षभर फुलतं आणि कात्रीला घाबरत नाही. आणि न्यूझीलंडवाल्यांनो, तुम्ही तर हेदर लावूच नका. तिथे टोंगारीरो नॅशनल पार्कमध्ये १९१२ च्या सुमारास जॉन कलन नावाच्या वॉर्डनने ग्राऊसच्या शिकारीची सोय म्हणून हेदर पेरलं, पक्षी काही टिकले नाहीत, हेदर मात्र असं माजलं की १९९६ मध्ये ते खाणारे भुंगेरे बाहेरून आणून सोडावे लागले.

एकाची दहा

विकत आणण्यापेक्षा घरची वाढवणं सोपं आहे. छाट कलम करायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये फूल नसलेल्या बाजूच्या फुटीचे ४-५ सेंटीमीटरचे तुकडे घ्या, खालचा एक तृतीयांश भाग बोटांच्या चिमटीत धरून पानं ओरबाडा, शेंडा खुडा, आणि एरिकेशस माती नि परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे) निम्मे निम्मे करून त्यात खोचा, वर पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. दोनेक महिन्यांत मुळं धरतात. दाब कलम त्याहून सोपं, कडेची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर एक दगड ठेवायचा आणि वर्षभर विसरायचं.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिसरा प्रकार, टक्कल पडलेल्या म्हाताऱ्या झाडासाठीचा. मार्चमध्ये झाड मुळासकट उपटा, तिथेच खोल खड्डा करा आणि अख्खं झाड त्यात असं पुरा की फक्त शेंडे दोन-तीन सेंटीमीटर वर दिसतील. फांद्यांच्या मधे बोटांनी रेती आणि आम्ल माती ठासून भरत जा, पोकळी राहू देऊ नका, आणि उन्हाळाभर ती जागा ओलसर ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी दफन केलंय, आमच्या शेजारच्या आजोबांनी तर मला गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं की कुत्रा गेला का. मधे उकरून बघायचा मोह होतो, तो आवरा, पांढरी मुळं दोऱ्यापेक्षा बारीक असतात, जराशा ओढीने तुटतात. ऑक्टोबरमध्ये फावड्याने अख्खा गोळा वर काढा, माती अलगद झटका, ज्या ज्या काडीला मुळांची दाढी आलीय ती खालून कापून वेगळी करा आणि लगेच बादलीत भिजवून नवीन जागी लावा. माझ्या एका जुन्या डार्लेन्सिसची मागच्या वर्षी अशी चौदा झाडं निघाली, सहा वाफ्यात लावली, बाकीची आठ हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली.